डोंगरातल्याचं कोकरू

दुपारी एक ते दोन डोंगरावरचा खडीचा क्रशर बंद असतो. कामगारांच्या जेवणाची सुट्टी. तेवढा एक तास आमच्या गावात पाखरांचा आवाज ऐकू येतो, म्हणून मी गावाकडं गेलो की नेमका त्याच वेळी दादाच्या मेंढवाड्याजवळच्या लिंबाखाली जाऊन बसतो. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. तो बाज टाकून देतो, पाण्याचा तांब्या ठेवतो आणि आपल्या कामाला लागतो. आम्ही फारसं बोलत नाही. दोन वाजले की डोंगराकडून घरघर सुरू होते, धूळ उठते, आणि मी भोकरदनची गाडी पकडतो.

निवृत्त झालो तेव्हा मी सगळ्यांना सांगत सुटलो होतो की आता रोज डोंगर चढणार. शाळेतल्या निरोपाच्या भाषणातसुद्धा सांगितलं, पोरांनी टाळ्या वाजवल्या. आता कुणी विचारलं तर गुडघे पुढं करतो. गुडघे दुखतात हे खरंच आहे, पण तेवढे नाहीत. मला तिकडं बघवत नाही आणि मी थकलोय, एवढंच आहे.

अजिंठ्याची डोंगररांग आमच्या भोकरदन तालुक्यात उतरत येते, त्यातून सुटा पडलेला हा एक तुकडा. नकाशात त्याला नाव नाही. गावातही नाव नाही, कारण दुसरा डोंगरच नाही; नुसतं 'डोंगर' म्हटलं की भागतं. माथा सपाट, अंगाला पायऱ्या. सह्याद्री पाहिलेल्या माणसाला तो डोंगर वाटतच नाही. माझा मेहुणा नाशिककडचा. पहिल्यांदा आला तेव्हा म्हणाला, "दाजी, हे टेकाड दाखवायला एवढं उन्हात आणलं का?" त्यानंतर त्याला मी तिकडं कधीच नेलं नाही. तोही कधी न्या म्हणाला नाही, ही गोष्ट वेगळी.

मी एकतीस वर्षं भूगोल शिकवला, त्यातली बारा केदारखेड्याकडच्या एका शाळेत. दर हिवाळ्यात नववीच्या वर्गाला घेऊन मी या डोंगरावर यायचो. पोरांना ज्वालामुखीचं चित्र काढायला सांगितलं की ती शंकू काढतात, वर धूर, बाजूनं लाल ओघळ. मी ते खोडायचो. इथं शंकू नव्हता रे, सांगायचो. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून पातळ लाव्हा वर आला. पाट फुटून वावरात पाणी पसरावं तसा पसरला. थंड झाला. मग कितीतरी हजार वर्षं काहीच नाही. ऊन, पाऊस, वारा. वरचा भाग कुजून त्याची माती झाली, त्यात काही उगवलंही असेल. मग पुन्हा लाव्हा आला, त्या मातीवरूनच गेला, आणि ती भाजून विटकरी लाल झाली. असं कितीदा तरी. डोंगराच्या कडेला उभं राहून पाहिलं तर थर मोजता येतात, टोपल्यात भाकरींची चवड दिसावी तसे.

आणि शेवटी मी पोरांना विचारायचो, मग हा डोंगर वर कसा आला? कुणी म्हणायचं भूकंपानं, कुणी म्हणायचं देवानं. मी म्हणायचो, तो वर आलाच नाही. सगळीकडं एवढीच उंची होती. आजूबाजूचं झिजून, वाहून गोदावरीत गेलं, हा उरला. उरला म्हणून डोंगर. पोरं गप्प व्हायची. मला ते गप्प होणं फार आवडायचं, खोटं कशाला बोलू. मास्तर माणसाला त्याचीच चटक लागते.

आता एक गोष्ट नीट सांगितली पाहिजे, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. दोन कठीण थरांच्या मधली जी लाल माती, ती मऊ असते. पाऊस तिला आतून पोखरत जातो आणि वरचा काळा कातळ छपरासारखा बाहेर राहतो. आमच्या डोंगराच्या उत्तरेच्या अंगाला अशी आडवी कपार आहे, माणूस बसून आत सरकेल एवढी. उन्हाळ्यातही तिथं पाणी पाझरतं. साळिंदराचे काटे तिथं पडलेले असायचे, घोरपड ऊन खात पडलेली असायची, पहाटे तित्तर ओरडायचे. चिंकारे यायचे, दोन-तीनच, पाणी पिऊन सरळ माथ्यावर. कुसळी गवतातून जाताना पायजम्याला एवढी कुसळं लागायची की घरी आल्यावर आई आधी ती वेचायला बसवायची, मग जेवण. आणि त्या कपारीत तो राहायचा.

तो म्हणजे लांडगा. लिहितानाही हात अडखळतो, कारण आमच्यात डोंगरावर असताना त्याचं नाव घेत नाहीत. 'डोंगरातला' म्हणतात. आम्ही मेंढपाळाच्या घरचे. वडिलांचा कळप दिवाळीनंतर खाली उतरायचा, परतूरकडच्या वेचून झालेल्या कापसाच्या रानात, तिथून गोदेकाठानं शहागडपर्यंत, आणि उन्हाळा सरता सरता परत यायचा. परत आल्यावर पहिलं काम म्हणजे नव्या कोकरांचे कान कातरणं. प्रत्येक घराची खूण वेगळी असते, कळप मिसळले तर ओळखायला. आमची खूण डाव्या कानाला खालून एक चीर. वडील कातर चालवायचे, आई हळद लावायची, दादा आणि मी कोकरं धरायचो.

आणि एक कोकरू सोडायचं. त्याच्या कानाला कातर लागायची नाही. ते डोंगरातल्याचं. वर्षभरात त्यानं कळपातलं कुठलंही जनावर नेलं, खूण असलेलं नेलं तरी, वडील म्हणायचे, त्याचं त्यानं नेलं. शिव्या द्यायच्या नाहीत. विष घालायचं नाही. कुत्री मागं लावायची, पण कपारीपर्यंत नाही. वर्ष सरून ते कोकरू वाचलं, तर पुढल्या वर्षी त्याच्या कानाला खूण व्हायची आणि नव्यातलं एक सुटायचं.

मला त्या बिनखुणेच्या कोकराची फार कीव यायची. एका वर्षी तर मी त्याला कुशीत घेऊनच बसलो. वडील रागावले नाहीत. म्हणाले, "बाबा, त्याचं बी पोट हाय." एवढंच. आणि त्याच वर्षी त्यांनी मला कपार दाखवली. दाखवली म्हणजे लांबून. बोट नाही केलं, काठी नाही केली, हनुवटी वर करून नुसतं "ते बघ" म्हणाले. मग म्हणाले, "ही जागा कुणाला दाखवायची न्हाई. पाव्हण्याला न्हाई, दुसऱ्या गावच्या गड्याला न्हाई. सांगितली की सरली." मी तेव्हा आठ-नऊ वर्षांचा असेन. मी मान हलवली आणि पुढची पन्नासेक वर्षं ती मान तशीच ठेवली. शाळेची एवढी पोरं डोंगरावर नेली, पण उत्तरेच्या अंगाला कधी नेली नाहीत. लाल मातीचा थर दाखवायला तिथं सगळ्यात चांगला दिसतो, तरी नाही. तेवढं मी पाळलं.

पाळलं नाही ते वहीत.

माझ्या नोकरीची शेवटची दोन वर्षं राहिली होती तेव्हा तालुक्याहून गावाला एक जाडजूड वही आली. गावातली झाडं, गवतं, औषधी पाला, जनावरं, माती, दगड, सगळ्याची नोंद गावानंच करायची, असं होतं. सरपंच वही घेऊन माझ्याकडं आले. म्हणाले, "सर, अक्षर तुमचं. तुम्हीच लिहा." मी नाही नाही म्हणत घेतली. मनातून फुशारलोच होतो.

तीन रविवार आम्ही मारुतीच्या पारावर बसलो. जुनी मेंढकं माणसं होती, दादा होता, बायकाही दोघी-तिघी येऊन पाल्याची नावं सांगून गेल्या. पवन्या, मारवेल, कुसळी. हिवर, धावडा, सालई, तरवड. मेंढराला खोकला झाला तर काय, पोट फुगलं तर काय. मी लिहीत होतो. मग जनावरांचं पान आलं. ससा, मोर, तित्तर, रानडुक्कर. हरणाच्या नावाला सगळ्यांनी एकमेकांकडं बघितलं. त्याखाली वेगळा रकाना होता: दुर्मिळ किंवा धोक्यात असलेले प्राणी.

दादा म्हणाला, "पुढचं इचार."

"दादा, इथं काहीतरी लिहावं लागतं."

"मंग लिव, काई न्हाई म्हणून."

शेजारचे म्हातारे बोलले, "पल्याडच्या गावात हरणं लिव्हली आन् कुंपणाच्या तारा आल्या. चरायचं बंद. मंग मेंढरं काय डोक्यावर चारायची?"

ते पल्याडचं गाव कुठलं आणि तिथं खरंच काय झालं होतं, हे आजही मला माहीत नाही. पण सगळ्यांचं तेच म्हणणं पडलं. मी पेन हातात धरून बसलो. मला शिकवताना कित्येकदा सांगावं लागायचं की लांडगा आपल्या माळरानातून संपत चाललाय. मी ते पाठ्यपुस्तकाबाहेरचं म्हणून आवर्जून सांगायचो. दादा माझ्याकडं बघत होता. हळूच म्हणाला, "बापानं काय सांगितल्तं?"

मी लिहिलं, 'आढळत नाहीत.'

आणि मग दगडाचं पान आलं. त्यावर कुणाला काही सांगायचं नव्हतं. लोक उठून चहाला गेले आणि मी एकटाच लिहीत बसलो. इतर सगळ्या पानांवर पाच-सहा ओळी. दगडावर मी दोन पानं भरली, वरून जादा कागद चिकटवला. थर किती, कुठला कसा, पाणी कुठं पाझरतं. 'माथ्यावरचा कातळ अखंड, घट्ट व भेगाविरहित असून त्यावर मातीचे आवरण अत्यल्प आहे.' हे वाक्य मला अजून पाठ आहे. दोनदा वाचून बघितलं होतं तेव्हा, इतकं आवडलं होतं. आयुष्यभर फळ्यावर लिहिलं ते पुसलं गेलं. हे कुठंतरी राहणार, असं वाटलं होतं. राहिलं.

मी निवृत्त झाल्यावर दोन-तीन वर्षांत आमच्या बाजूला रस्त्यांची कामं निघाली. रस्त्याला खडी लागते, खडीला दगड लागतो. कुणीतरी आमच्या डोंगरासाठी अर्ज केला. कुणी केला ते सांगून आता उपयोग नाही. सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत तो विषय ठेवला होता. झेंडा झाला, पोरांना जिलबी वाटली आणि सभा बसली. तालुक्याहून एक साहेब आले होते. तरुण, पोरगेलेसे, बोलायला मऊ. मला त्यांचा राग आणायचा होता, पण आला नाही.

मी विरोध करायचा म्हणून उभा राहिलो. डोंगराचं पाणी, गवत, जनावरं, सगळं बोललो. चांगलं बोललो. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि पिशवीतून ती वही काढली.

"सर, हे अक्षर तुमचंच ना?"

"हो."

"फार नेटकं लिहिलंय. आमचं अर्धं काम तुम्हीच करून ठेवलं होतं." आणि त्यांनी वाचून दाखवलं. आधी तो रकाना, मग माझं ते आवडतं वाक्य. अखंड, घट्ट व भेगाविरहित. खडीला असाच दगड लागतो.

माझी मान खाली गेली. टोमणा असता तर बरं झालं असतं, मला उलटून बोलता आलं असतं. त्यांनी मनापासून कौतुक केलं होतं. लोक माझ्याकडं बघत होते. ज्यांनी लिहू नको म्हणून सांगितलं होतं तेही बघत होते. मी खाली बसलो.

तेवढ्यात दादा उठला. दादा ग्रामसभेला यायचाच मुळी भिंतीला टेकून डुलकी काढायला. जन्मात कधी बोलला नव्हता. त्यानं डोक्याचं मुंडासं काढून हातात घेतलं आणि म्हणाला, "लांडगा हाय तिथं."

त्या म्हाताऱ्यांपैकी एकानं चक्क कानाला हात लावला.

साहेब म्हणाले, "पण काका, वहीत तर नाही."

"वहीत न्हाई. डोंगरात हाय."

"दाखवाल? दिसला तर मी वर कळवतो, शब्द देतो."

दादा माझ्याकडं बघत राहिला. मला वाटलं आता खाली बसेल. मी त्याच्या डोळ्याला डोळा दिला नाही. द्यायला पाहिजे होता. मग तो म्हणाला, "दाखवतो."

चार-पाच दिवसांनी आम्ही गेलो. साहेब, त्यांची दोन माणसं, सरपंच, दादा आणि मी. सकाळचं ऊन होतं, पळसाला कळ्या धरल्या होत्या. दादा पुढं. कपारीच्या खाली पन्नास पावलांवर त्यानं वहाणा काढल्या आणि आम्हाला हातानं थांबवलं. पाझराच्या ओल्या मातीत पावलं उमटली होती, ताजी. एक हाड पडलं होतं. मग तो आडवा होऊन सरकत गेला, आत बघितलं आणि मागं वळून चार बोटं दाखवली.

मग आम्हीही वर गेलो. मी बघितली ती पिल्लं. मातीच्याच रंगाची, एकमेकांवर रचून ठेवल्यासारखी. डोळे नुकते उघडले असावेत. त्यातलं एक आमच्याकडं तोंड करून नुसतं बघत होतं, भीतीही वाटत नव्हती त्याला. एवढ्या वर्षांत मी ती कपार इतक्या जवळून पहिल्यांदाच पाहत होतो आणि मला रडू येईल असं वाटलं. साहेबही हरखले होते. त्यांनी मोबाइलवर फोटो काढला. आत अंधार, नीट येईना, आणखी काढले.

दादा म्हणाला, "झालं ना? चला आता. जल्दी चला."

आम्ही निघालोच होतो. तेवढ्यात साहेबांनी कपारीच्या वरच्या कडेला हात लावला आणि मला विचारलं, "सर, ही मधलीच माती अशी लाल कशी?"

त्यांनी विचारायला नको होतं असं मी म्हणणार नाही. कुणीही विचारेल. पण मी तिथं, त्या तोंडाशी, बोलायला लागलो. भेगा, लाव्हा, कुजलेला थर, भाजलेली माती. मी हातानं माती खरवडून त्यांच्या तळव्यावर ठेवली. कातळावर हात ठेवून दाखवलं की हा थर कुठून कुठं जातो. मी त्यांना चवडीचा दाखला दिला. आणि मग हा डोंगर वर कसा आला, तेही विचारलं, आणि ते गप्प झाले तेव्हा मला तीच जुनी चटक लागली. दादा दोनदा म्हणाला, "बस झालं, चल." मी म्हणालो, "एक मिनिट, दादा." त्यांचा एक माणूस तोपर्यंत कपारीच्या छपरावर चढून बसला होता. पाव तास तरी गेला असेल. जास्तही असेल.

खाली उतरून वहाणा घालताना दादा मला बाजूला म्हणाला, "ती वरून बघून राह्यली होती."

"कोण?"

"त्यांची माय. माथ्यावर उभी होती. आपण गेलो तवापासून." वहाणेचा अंगठा नीट केला त्यानं. "तू बोलून राह्यला होता."

साहेबांनी शब्द पाळला. त्यांनी वर कळवलं, पाहणीसाठी माणसं मागवली. ती आठव्या दिवशी आली. मी यावं असं मला कुणी सांगितलं नव्हतं, तरी मी गेलो. कपार रिकामी होती. पाझराजवळ आमच्याच बुटांचे ठसे वाळून पक्के झाले होते. पिल्लांना तोंडात धरून ती कधी आणि कुठं गेली, कुणाला माहीत. आलेल्या माणसांनी टॉर्च मारली, वास घेतला, मोबाइलवरचे फोटो बघितले. फोटोत काळोख आणि त्यात दोन ठिपके. मांजरीचेही असू शकतात, एक जण म्हणाला, आणि त्याचं काही चुकलं नाही. त्यांनी लिहिलं: 'कपार जुनी, सध्या वावर आढळला नाही.'

दादानं एवढंच विचारलं, "काय लिव्हलं?"

मी सांगितलं. तो म्हणाला, "तूच लिव्हलं व्हतं तेच की." रागानं म्हणाला नाही. रागानं म्हणाला असता तर मला झोप लागली असती.

परवानगी आली. माथ्यावरून काम सुरू झालं, कारण तिथंच अखंड आहे. सुरुंगाचा आवाज आला की मेंढरं एका जागी गोळा होतात आणि बराच वेळ चरत नाहीत. वरचे दोन थर आता निम्म्याच्या वर गेलेत. कधीकधी एस.टी.च्या खिडकीतून मला तो कापलेला भाग दिसतो. थर इतके स्वच्छ दिसतात की वर्गात दाखवायला याहून चांगलं काही मिळणार नाही, असा विचार मनात येतो, आणि मग माझीच मला किळस येते.

आम्ही लिहिलं नाही म्हणून गेलं, की सांगितलं म्हणून गेलं, हे मी इतक्या वेळा उलटसुलट करून पाहिलंय की आता त्यात काही उरलं नाही. लिहिलं असतं तर कदाचित तारा आल्या असत्या आणि दादाची मेंढरं उपाशी राहिली असती. कदाचित काहीच झालं नसतं. पण मी गप्प बसायचं तिथं बोललो आणि लिहायचं तिथं गप्प बसलो, एवढं तर खरं. बाकी सगळ्यांचं थोडं थोडं असेल, हे माझं आहे.

दादा मात्र कोकरू सोडत राहिला. पहिल्या वर्षी सोडलं, दुसऱ्या, तिसऱ्या. त्याचा कळप आता चाळीसेक मेंढरांचा. मुलं जालन्याला कंपनीत आहेत, खाली गोदेकडं उतरणं कधीच थांबलं. तीन वर्षांत डोंगरातल्यानं काही नेलं नाही. क्रशरच्या वस्तीवरच्या उष्ट्यावर जमलेल्या कुत्र्यांनी मागल्या पावसाळ्यात दोन कोकरं फाडली, त्यातलं एक बिनखुणेचं होतं. मी म्हणालो, "दादा, त्याचंच गेलं म्हणायचं." दादा माझ्यावर पहिल्यांदा ओरडला. "कुत्र्याचं न्हाई ते!" आणि तो त्या कोकराला पुरायला स्वतः गेला. एरवी मेलेलं जनावर माळावर टाकतात.

या उन्हाळ्यात कान कातरायला त्यानं मला बोलावलं. धरायला दुसरं कुणी नव्हतं. मी एकच्या सुमाराला पोचलो, क्रशर नुकता थांबला होता. लिंबाखाली बसून आम्ही एकेक कोकरू घेत होतो. मी मांडीत धरायचो, दादा कातर चालवायचा, हळद लावायचा, मी सोडायचो. दादाचे हात आता थरथरतात, पण कातर हातात आली की थांबतात. अकरा कोकरं होती. दहा झाली.

अकरावं काळ्या तोंडाचं, जरा धिटुकलं. आधीच्या दहांतलं एकही दादानं बाजूला काढलं नव्हतं, तेव्हा हेच ते, असं मी धरून चाललो आणि सवयीनं हात सैल केले. ते उठून निघालंच होतं.

"सोडू नको," दादा म्हणाला.

"दादा, हे तर..."

"धर म्हणलं ना."

मी पुन्हा मांडीत ओढलं. त्याचं काळीज माझ्या हाताला लागत होतं. मी म्हणालो, "राहू दे की. येईलही एखाद्या वर्षी."

"कुठं येईल?"

त्यानं डोंगराकडं हात नाही केला, काठी नाही केली. हनुवटी वर केली, वडील करायचे तशी. वर माथ्यावर कापलेला कातळ उन्हात चमकत होता. दादा म्हणाला, "कुठं येईल, ते सांग. तू भूगोलाचा मास्तर."

मी एकतीस वर्षांत एवढा गप्प कधी झालो नव्हतो. दादा कातर घेऊन थांबला होता. घाई करत नव्हता. दोन वाजले असावेत. तिकडं घरघर सुरू झाली, मेंढरांनी माना वर केल्या.

मी कोकराचा डावा कान ताणून धरला.